पेसमेकरची किमान गती : ‘६०’ हा आकडा सर्वांसाठी नसतो
रुग्ण व कुटुंबीयांसाठी माहिती – हुडको, भिलाई

पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीला रुग्णालयातून एक ओळखपत्र मिळते. त्यावर उपकरणाचे नाव, अनुक्रमांक आणि ते बसवल्याची तारीख असते. परंतु ज्या आकड्याचा रुग्णाच्या दैनंदिन जीवनाशी सर्वांत निकटचा संबंध आहे, तो पुष्कळदा तपासणीच्या छापील अहवालात इतर अनेक आकड्यांच्या गर्दीत दडलेला असतो. तो आकडा म्हणजे उपकरणाची किमान गती. ‘एका मिनिटात हृदयाचे ठोके यापेक्षा कमी होऊ द्यायचे नाहीत’, अशी ती उपकरणाला दिलेली आज्ञा होय.

हुडको वसाहतीत आणि भिलाईच्या सेक्टरांत पोलाद कारखान्याच्या निमित्ताने येऊन येथेच स्थिरावलेली अनेक मराठी कुटुंबे आहेत. कारखान्यात आयुष्य घालवलेली पिढी आता वार्धक्यात आहे आणि पेसमेकरची गरज प्रामुख्याने याच वयात निर्माण होते. घरातील वडीलधाऱ्यांना उपकरण बसले की भेटीस येणारे ‘किती वर्षे चालेल?’ असे हमखास विचारतात. ‘कितीवर ठेवले आहे?’ असे क्वचितच कोणी विचारते. वास्तविक दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. पुन्हा शस्त्रक्रिया न करता, सुई न टोचता, काही मिनिटांत बदलता येईल अशी ही गोष्ट आहे. योग्य बदलामुळे एखाद्या रुग्णाचा थकवा कमी होऊ शकतो आणि अयोग्य बदलामुळे हृदय दुर्बलही होऊ शकते.

उपकरण नेमके काय करते?

पेसमेकर हृदयाला सतत धक्के देत असतो, हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. आधुनिक उपकरण प्रामुख्याने ऐकण्याचे काम करते. किमान गती ६० ठेवली असेल, तर प्रत्येक ठोक्यानंतर ते एक सेकंद वाट पाहते. त्या सेकंदात हृदयाचा स्वतःचा ठोका पडला, तर उपकरण गप्प राहते व पुन्हा मोजू लागते. ठोका पडला नाही, तरच ते सूक्ष्म विद्युत संकेत देते. किमान गती ७५ ठेवल्यास वाट पाहण्याचा काळ सेकंदाच्या आठ दशांशावर येतो. ५० ठेवल्यास तो सव्वा सेकंदाच्या थोडा अलीकडे जातो. म्हणजे हा आकडा जितका मोठा, तितकी उपकरणाची सहनशीलता कमी आणि हृदयाच्या कामात त्याचा हस्तक्षेप अधिक.

दिवसाचा हिशेब केल्यास या फरकाचे गांभीर्य ध्यानी येते. मिनिटाला ६० म्हणजे चोवीस तासांत ८६,४०० ठोके. मिनिटाला ७५ म्हणजे १,०८,०००. केवळ पंधराच्या फरकाने दिवसाकाठी २१,६०० ठोके वाढतात आणि उपकरणाची बॅटरीही त्या प्रमाणात अधिक खर्ची पडते.

येथे एका शब्दाविषयीचा गोंधळ दूर करणे आवश्यक आहे, कारण त्यापायी रुग्ण चुकीच्या गोष्टीची चिंता करत बसतात. ‘हार्ट ब्लॉक’ आणि ‘ब्लॉकेज’ या दोन भिन्न व्याधी आहेत. ब्लॉकेज म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीतील अडथळा. त्यावर औषधे, स्टेंट किंवा बायपास हे उपाय असतात. हार्ट ब्लॉक म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे जाणाऱ्या विद्युत संदेशातील अडथळा. त्यावर पेसमेकर हा उपाय आहे. पेसमेकर धमनी मोकळी करत नाही आणि स्टेंट ठोक्यांची गती सुधारत नाही. घरात एकाला स्टेंट व दुसऱ्याला पेसमेकर असेल, तर दोघांना एकच पथ्य व एकच नाडी लागू होत नाही.

‘६०’ कोठून आला?

शरीरात पूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन यांना बसवण्यात आला. शल्यचिकित्सक ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांचे ते काम होते. (भिलाईची पहिली झोतभट्टी त्यानंतर चारच महिन्यांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली, हा केवळ योगायोग, परंतु या गावाचे आणि या उपकरणाचे वय जवळपास एकच आहे.) ते पहिले उपकरण काही तासांतच बंद पडले. पुढे लार्सन यांना अनेक उपकरणे बदलावी लागली, तरीही ते २००१ पर्यंत, म्हणजे वयाच्या शहाऐंशी वर्षांपर्यंत जगले.

त्या काळातील उपकरणांना ऐकू येत नव्हते आणि त्यांची गतीही बाहेरून सहज बदलता येत नव्हती. कारखान्यातून निघालेली गती हीच रुग्णाची गती. बाहेरून, त्वचेवर यंत्र ठेवून गती बदलण्याची सोय १९७० च्या दशकात रूढ झाली. आता उपकरणाची किमान गती साधारणतः ३० पासून १०० च्या पुढेपर्यंत कोठेही ठेवता येते. तरीही बहुतांश उपकरणे कारखान्यातून ६० वर ठेवून येतात. प्रौढांची विश्रांतीतील नाडी ६० ते १०० असणे सामान्य मानले जाते. त्या पट्ट्याचे खालचे टोक सुरक्षित समजून ही प्रथा पडली असावी. हा आकडा चुकीचा नाही. असंख्य रुग्णांना तो उत्तम मानवतो. परंतु तो आरंभीचा आकडा आहे, आपल्या हृदयाची तपासणी करून काढलेला निष्कर्ष नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

गती व्याधीप्रमाणे ठरते

एकाच गल्लीतील दोन रुग्णांचे आकडे भिन्न असणे पूर्णतः स्वाभाविक आहे. शेजाऱ्याला ७० आणि आपल्याला ५० का, असा प्रश्न मनात आला, तर प्रथम दोघांना पेसमेकर कशासाठी बसवला हे पाहावे.

ज्यांचे हृदयातील नैसर्गिक गतिकेंद्र सुदृढ आहे, परंतु संदेश खाली पोहोचण्याच्या वाटेत अडथळा आहे, अशा व्यक्तींना बहुधा दोन तारांचे उपकरण बसवलेले असते. त्यांच्यात वरचा कप्पा जो वेग ठरवील, त्याचे अनुसरण उपकरण खालच्या कप्प्यात करते. जिना चढताना वरचा कप्पा ९५ वर गेला, तर खालचाही ९५ वर जातो. या रुग्णांत किमान गतीचा प्रसंग प्रामुख्याने विश्रांतीच्या आणि झोपेच्या वेळी येतो. तेथे ५० किंवा ६० यांपैकी काहीही ठेवले, तरी दिवसाच्या उत्साहात मोठा फरक पडत नाही.

ज्यांचे नैसर्गिक गतिकेंद्रच थकले आहे, त्यांचे तसे नाही. त्यांचे हृदय विश्रांतीत मंद असते आणि चालताना वाढायला हवे तितके वाढत नाही. त्यांच्यासाठी किमान गती हीच बसल्या वेळची खरी गती ठरते, आणि हालचाल ओळखून गती वाढवणारी संवेदक यंत्रणाही चालू ठेवावी लागते. ‘सर्व तपासण्या ठीक आहेत, तरी बाजारापर्यंत चालले की पाय ओढल्यासारखे होतात’, ही तक्रार या गटात विशेष ऐकू येते. अशा वेळी तपासणीत केवळ बॅटरी पाहून रुग्णाला परत पाठवणे अपुरे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तिसरा गट एका तारेच्या उपकरणाचा. ही तार खालच्या कप्प्यात असते. वरच्या कप्प्यांत कायमचा अनियमित थरथराट असलेल्या रुग्णांना ती योग्यच असते. परंतु ज्यांचा स्वतःचा नियमित ताल शिल्लक आहे, अशा व्यक्तीत किमान गती अकारण वाढवली, तर एक विचित्र परिस्थिती उद्भवते. हृदय स्वतः ६५ ने नीट चालत असते. उपकरण ७० वर असल्याने ते हृदयाला बोलूच देत नाही. वरचा कप्पा आणि खालचा कप्पा यांचे एकामागून एक आकुंचन पावणे बिघडते. रुग्णाला मानेत ठोके जाणवतात, रक्तदाब उतरतो, उठल्यावर अंधारी येते. येथे गती वाढवणे हा उपाय नसून कमी करणे हा उपाय आहे. काही उपकरणांत त्यासाठी अधिक सूक्ष्म सोय असते : किमान गती ६० ठेवूनही, हृदयाचा स्वतःचा ठोका दिसत असेपर्यंत उपकरण ५० पर्यंत वाट पाहते.

शिवाय काही विशेष प्रसंग आहेत. वेगवान व अनियमित ठोक्यांवर उपाय म्हणून वरच्या व खालच्या कप्प्यांमधील विद्युत मार्ग हेतुपुरस्सर बंद केला जातो, तेव्हा पहिले काही आठवडे किमान गती मुद्दाम ८० ते ९० च्या आसपास ठेवतात. वेगाची सवय झालेले हृदय एकदम मंद झाल्यास धोकादायक ताल उद्भवू शकतो. नंतर ती टप्प्याटप्प्याने खाली आणतात. अर्भकांची व बालकांची गती मोठ्यांहून अधिक ठेवावी लागते. आणि ज्यांना धक्का देऊन प्राण वाचवणारे उपकरण, म्हणजे आयसीडी, बसवले आहे पण मंद ठोक्यांचा विकार नाही, त्यांची किमान गती बहुधा ४० इतकी खाली असते. ती पाहून घाबरण्याचे कारण नाही. तेथे उपकरणाने पहारा द्यावा आणि हृदयाच्या कामात लुडबुड करू नये, हाच हेतू असतो.

जास्त म्हणजे चांगले नव्हे. कमी म्हणजेही नव्हे

गती वाढवली की ताकद वाढेल, ही कल्पना सहज पटण्यासारखी आहे. प्रत्यक्षात ती एकदा महागात पडल्याचे संशोधनात दिसले. डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डेव्हिड’ या अभ्यासात आयसीडी बसवलेल्या ५०६ रुग्णांचा समावेश होता. त्यांचे हृदय दुर्बल होते, परंतु ठोके मंद नव्हते. निम्म्यांत उपकरण ४० वर राखीव ठेवले, निम्म्यांत दोन्ही कप्प्यांना चालना देत ७० वर ठेवले. वर्षअखेर मृत्यू किंवा हृदयविफलतेमुळे रुग्णालयात दाखल होणे यांपैकी एक घटना ४० च्या गटात १०० मागे सुमारे १६ जणांत, तर ७० च्या गटात सुमारे २७ जणांत घडली. कारण असे की, खालच्या उजव्या कप्प्याच्या टोकाला तारेने वारंवार चालना दिल्यास दोन्ही बाजू एकाच वेळी आकुंचन पावत नाहीत. वर्षानुवर्षे असे होत राहिले, तर काही रुग्णांचे हृदय आणखी दुबळे होते. तेव्हापासून ‘खालच्या कप्प्यातील अनावश्यक चालना टाळा’ हे तज्ज्ञांचे सूत्र झाले आणि किमान गती खाली ठेवण्याकडे कल वाढला.

मग या कथेला दुसरी बाजू मिळाली. काही वृद्धांचे हृदय जोराने आकुंचन पावते, परंतु ताठर झालेले असते. ते सैल होऊन रक्त भरून घेण्यास त्रास होतो. त्यांना दम लागतो, पायांवर सूज येते. अशा हृदयात दोन ठोक्यांमधील अवकाश फार लांबला, तर आत रक्त साठून दाब वाढतो. अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठात झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मायपेस’ या अभ्यासात, आधीपासून पेसमेकर असलेल्या अशा १०७ रुग्णांपैकी काहींची गती ६० वर राहू दिली. इतरांची उंची व हृदयाची पंपिंग क्षमता यांवरून व्यक्तिगत गणित करून वाढवली. वाढवलेल्या गटात मध्यम आकडा ७५ होता. वर्षभरात त्या गटातील रुग्णांचे जीवनमान सुधारले, हृदयावरील ताण दर्शवणारा रक्तातील घटक कमी झाला, रोजची हालचाल वाढली आणि वरच्या कप्प्यातील अनियमित तालही कमी आढळला.

ही वार्ता आशादायक आहे. परंतु ती वाचून ७५ चा आग्रह धरणे योग्य नाही. अभ्यास एकाच केंद्रातील व लहान होता. मुख्य म्हणजे त्यात निवडलेल्या रुग्णांची उपकरणे अशा पद्धतीची होती की, त्यांत खालच्या कप्प्याच्या दोन्ही बाजूंचा मेळ टिकून राहतो. त्याच वर्षी मेयो क्लिनिकमधील २९ रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात, अशाच ताठर हृदयाच्या व्यक्तींना नव्याने पेसमेकर बसवून व्यायामाच्या वेळी गती वाढवून पाहिली, तेव्हा गती वाढली पण व्यायामाची क्षमता वाढली नाही. आणि ज्यांच्या धमन्यांत ब्लॉकेज आहे, त्यांच्यासाठी अधिक गती प्रत्यक्ष त्रासाची ठरू शकते : हृदयाच्या स्नायूला प्रामुख्याने दोन ठोक्यांमधील विसाव्यात रक्त मिळते, आणि तोच विसावा गती वाढवल्याने आखडतो. छातीत दुखणे सुरू होते.

तात्पर्य विचारलेच, तर इतकेच सांगता येते की, योग्य आकडा ठरवण्यापूर्वी डॉक्टरांना चार बाबी ठाऊक हव्यात : पेसमेकर कशासाठी बसवला, तार कोठे आहे, हृदयाची पंपिंग क्षमता किती आहे आणि धमन्यांची स्थिती कशी आहे. हे न पाहता दिलेला कोणताही आकडा अंदाजच ठरेल.

घड्याळ, रात्रपाळी आणि परदेशी मुलांकडील मुक्काम

निरोगी माणसाचे ठोके झोपेत आपोआप मंदावतात. हे लक्षात घेऊन अनेक उपकरणांत रात्रीची वेगळी, कमी गती ठेवण्याची सोय असते. उदाहरणार्थ दिवसा ६० व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ५०. काही उपकरणे शरीर स्थिर आहे का हे पाहून झोप ओळखतात, पण काही निव्वळ घड्याळावर चालतात. भिलाईत याचा विचार अगत्याने करायला हवा, कारण कारखान्याचे गाव तीन पाळ्यांत जगते. समजा, नोकरीत असलेल्या, पन्नाशीच्या एखाद्या व्यक्तीला उपकरण बसले आणि ती रात्रपाळीला असते. उपकरण मध्यरात्री समजते की मालक झोपले आहेत. मालक मात्र त्या वेळी कामावर उभे असतात. अंग जड होणे, ऐन कामात चक्कर येणे, असा त्रास अशा वेळी केवळ रात्रपाळीतच होतो आणि दिवसाच्या तपासणीत काहीच सापडत नाही.

हाच प्रकार परदेशी जाणाऱ्यांचा. हुडकोतील कित्येक आई-वडील मुलांकडे अमेरिकेला महिनोन्‌महिने राहून येतात. उपकरणाचे घड्याळ भारतीय वेळेवर असेल, तर येथील रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ उन्हाळ्यात न्यूयॉर्कला दुपारी साडेबारा ते रात्री साडेआठ होते. म्हणजे दुपारच्या भटकंतीत गती रात्रीची! विमानाचे तिकीट काढल्यावर तपासणीस जाऊन ‘माझ्या उपकरणात रात्रीची गती घड्याळाने ठरते का?’ असे विचारून घ्यावे. असल्यास ती सोय प्रवासापुरती बंद करता येते किंवा वेळ बदलता येते.

हालचाल ओळखणाऱ्या संवेदकाच्याही मर्यादा आहेत. तो बहुधा धडाची हालचाल व कंपने मोजतो. पायी चालताना ती होतात. सायकल चालवताना मात्र पाय राबतात व धड स्थिर राहते, त्यामुळे श्रम होऊनही गती पुरेशी वाढत नाही. उलट खड्ड्यांच्या रस्त्यावरून स्कूटरच्या मागे बसून जाताना काहीच श्रम नसता गती वाढू शकते. सायकलवर दम लागतो पण तितकेच अंतर चालताना लागत नाही, असे आपल्या ध्यानी आले, तर डॉक्टरांना जरूर सांगावे. संवेदक कमी-अधिक तीव्र करता येतो.

नोकरीत असलेल्यांसाठी आणखी एक सूचना. पोलाद उचलणारे विद्युतचुंबक आणि विद्युत वेल्डिंग यांच्या निकट काम असल्यास कामावर परत जाण्यापूर्वी कारखान्याच्या व्यवसाय-आरोग्य विभागाचा व हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला अनिवार्य समजावा. बलवान चुंबकाजवळ बहुतेक पेसमेकर ऐकणे थांबवतात आणि कंपनीनुसार साधारण ८५ ते १०० अशा ठराविक गतीने चालू लागतात. आपण ठरवलेली किमान गती तेवढा वेळ निष्प्रभ होते. आयसीडी असल्यास चुंबकामुळे धक्का देण्याची क्षमताच तात्पुरती थांबू शकते. मोबाइल फोनही शर्टाच्या खिशात, उपकरणावर टेकवून ठेवू नये. १५ सेंटिमीटर अंतर पुरेसे आहे.

नवतपा आणि नाडी

मे महिन्याच्या अखेरीस नवतपा सुरू झाला की भिलाईतील तापमान ४५ अंशांच्या घरात जाते. घामाने शरीरातील पाणी घटते, त्वचेतील रक्तवाहिन्या पसरतात आणि रक्तदाब उतरू लागतो. निरोगी हृदय ही उणीव वेग वाढवून भरून काढते. ज्यांचे नैसर्गिक गतिकेंद्र निकामी आहे, त्यांचे हृदय हे करू शकत नाही. आणि रुग्ण खाटेवर निपचित पडून असल्याने संवेदकालाही काही कळत नाही. नाडी ६० वरच राहते. घरचे नाडी पाहून ‘नाडी अगदी उत्तम आहे’ म्हणतात, आणि रुग्ण स्नानगृहात जाण्यासाठी उठला की कोसळतो. ज्वराच्या व अतिसाराच्या वेळीही हेच घडू शकते. १०२ अंश ताप आणि ६० नाडी हे स्वास्थ्याचे लक्षण समजू नये. अशा रुग्णांत नाडीपेक्षा रक्तदाब अधिक खरे सांगतो; तो आडवे असताना आणि उभे राहिल्यावर एका मिनिटाने, असा दोनदा मोजावा. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर उष्णतेच्या दिवसांत तिची मात्रा कमी करावी का, हे डॉक्टरांना विचारावे. ती स्वतः होऊन बंद करू नये. पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनी मर्यादित केले असल्यास ती मर्यादाही त्यांच्याकडूनच वाढवून घ्यावी.

घरी नाडी कशी मोजावी?

पाच मिनिटे स्वस्थ बसावे. मनगटावर अंगठ्याच्या बाजूस तर्जनी व मध्यमा ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चौपट करण्याची सवय येथे उपयोगी नाही. एक ठोका चुकला की उत्तरात चारांचा फरक पडतो. आठवड्यातून एक-दोनदा, एकाच वेळी मोजून तारखेसह लिहून ठेवणे पुरेसे आहे. दिवसातून दहा वेळा बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. त्यातून माहिती वाढत नाही, काळजी मात्र वाढते.

नाडी ठरवलेल्या गतीहून कमी भरली, तर लगेच उपकरण बिघडले असे मानू नये. मध्येच एखादा अवेळी ठोका पडला, तर तो मनगटापर्यंत पोहोचण्याइतका जोरदार नसतो. हृदय ६० ने चालत असूनही बोटांना ४५ जाणवतात. ऑक्सिमीटर व रक्तदाबाचे यंत्रही असेच फसतात. वर सांगितलेली वाट पाहण्याची सोय किंवा रात्रीची गती हेही कारण असू शकते. तथापि तार सरकणे, तिचा संपर्क क्षीण होणे, बॅटरी संपत येणे ही कारणेही संभवतात. म्हणून दोन वेगवेगळ्या दिवशी नाडी ठरवलेल्या गतीपेक्षा स्पष्टपणे कमी भरल्यास त्याच आठवड्यात उपकरणाची तपासणी व ईसीजी करून घ्यावा. काही कंपन्यांची उपकरणे बॅटरी संपत आली की स्वतःच एका ठराविक गतीवर, उदाहरणार्थ ६५ वर, जातात. वर्षानुवर्षे वेगळी असलेली नाडी अचानक एकाच आकड्यावर चिकटून राहिली आणि थकवा वाढला, तर बॅटरीची तपासणी लांबवू नये.

तपासणीच्या दिवशी

उपकरण बसवल्यानंतर पहिली सविस्तर तपासणी पहिल्या तीन महिन्यांच्या आत व्हावी. त्यानंतर पेसमेकरची किमान वर्षातून एकदा, आयसीडीची साधारणतः सहा महिन्यांनी, आणि बॅटरी संपत आल्यावर एक ते तीन महिन्यांनी. आपले उपकरण सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्रात बसवलेले असो, रायपूरच्या एम्समध्ये असो की नागपूरला, तपासणीस जाताना ओळखपत्र, मागील छापील अहवाल, चालू औषधांच्या पट्ट्या आणि नाडीची वही बरोबर न्यावी.

आपल्याकडे उपकरणाची तपासणी अनेक ठिकाणी कंपनीचा प्रतिनिधी आपले यंत्र आणून करतो. त्याचे तांत्रिक कौशल्य उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु गती किती ठेवावी हा वैद्यकीय निर्णय आहे आणि तो डॉक्टरांनीच घ्यायला हवा. डॉक्टर दुसऱ्या कक्षात आणि बदल या कक्षात, असे घडत असल्यास ‘हा बदल डॉक्टरांनी सांगितला आहे का?’ असे विचारण्यात संकोच नसावा. तपासणीच्या वेळी काही क्षण ठोके मुद्दाम वेगवान व मंद केले जातात. धडधड किंवा किंचित गरगरल्यासारखे वाटले, तर ते अपेक्षित असते.

डॉक्टरांपुढे ‘अशक्तपणा वाटतो’ एवढेच सांगितल्यास त्यांच्या हाती फारसे काही लागत नाही. केव्हा वाटतो, कोणत्या कामात वाटतो, पूर्वी किती अंतर चालत होतो व आता कोठे थांबावे लागते, उशी एक लागते की दोन, पायांवर मोज्यांची खूण उमटते का, हे सांगावे. त्यानंतर विचारावे : माझी किमान गती किती आहे आणि ती तितकी का आहे? खालच्या कप्प्यातील चालना शेकडा किती होते? मागील वेळेपेक्षा ती वाढली आहे का? हे आकडे उपकरण स्वतः नोंदवून ठेवते आणि अहवालात छापलेले असतात. चालनेचे प्रमाण मोठे असून दम वाढला असेल, तर इकोकार्डिओग्राम करून पंपिंग क्षमता पाहणे आवश्यक ठरते. दोन्ही बाजूंना एकत्र चालना देणारे उपकरण असल्यास मात्र हे प्रमाण शंभराच्या जितके निकट, तितके चांगले. तेथे अधिक प्रमाण पाहून भिऊ नये.

गती बदलल्यास जुना आकडा, नवा आकडा, कारण व तारीख अहवालावर लिहून घ्यावी. शरीराला नव्या गतीशी जुळवून घेण्यास अवधी लागतो. पहिल्या दोन-तीन रात्री छातीत ठोके अधिक जाणवून झोप उडू शकते. त्यावरून निर्णय करू नये. दोन ते चार आठवडे नोंद ठेवून मग पुन्हा भेटावे. न मानवल्यास पूर्वीची गती परत ठेवता येते. परंतु नव्या गतीनंतर छातीत दुखू लागले, दम वाढला किंवा सूज आली, तर चार आठवडे थांबू नये.

पेसमेकर आहे म्हणून नाडी मंद करणारी औषधे स्वतःहून बंद करणे किंवा चालू ठेवणे, दोन्ही धोक्याचे. ती औषधे पुष्कळदा रक्तदाबासाठी, ब्लॉकेजसाठी किंवा वेगवान तालासाठी दिलेली असतात. पेसमेकर केवळ मंदपणापासून रक्षण करतो, वेगापासून नव्हे.

तातडीने रुग्णालयात केव्हा जावे?

शुद्ध हरपणे किंवा हरपेल असे वाटणे, नाडी ४० च्या खाली असून सोबत चक्कर किंवा दम असणे, छातीत सतत दुखणे, आडवे झाल्यावर श्वास कोंडणे, न थांबणारी उचकी किंवा पोटाचे स्नायू ठोक्यांच्या तालावर उडणे (तार सरकल्याचे हे लक्षण असू शकते), उपकरणावरील त्वचा लाल, गरम किंवा ओली होणे, आयसीडीने एकाहून अधिक धक्के देणे – यांपैकी काहीही झाल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाने स्वतः वाहन चालवत जाऊ नये. रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांना पेसमेकर आहे हे प्रथम सांगावे आणि ओळखपत्रासोबत शेवटचा छापील अहवालही त्यांच्या हाती द्यावा. किमान गती किती ठेवलेली आहे हे कळल्यास ईसीजीवरील मंद ठोके उपकरणाने दिलेले आहेत की उपकरण असूनही पडत आहेत, हे डॉक्टरांना तत्काळ ओळखता येते. अहवालाची एक प्रत घरात औषधांच्या डब्यात आणि एक छायाचित्र कुटुंबातील दोघांच्या फोनमध्ये ठेवलेले असावे.